ड्रेसेनबाखबाबूंची चाल

एका जर्मन माणसाबद्दल आमच्या घरात चार महिने रोज बोलणं व्हायचं, आणि तो माणूस मरून दोनशेच्या वर वर्षं झाली होती. त्याचं नाव ड्रेसेनबाख. भाऊ, म्हणजे माझे वडील, त्याला ड्रेसेनबाखबाबू म्हणत. त्यांच्या मते वरच्या साहेबांना अर्ज लिहिण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो बाबूच, मग तो झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात असो नाहीतर जर्मनीतल्या एखाद्या चर्चमध्ये. आई त्याला "तुमचा तो" म्हणायची. आणि लक्ष्मी गेटला राहणारी आईची थोरली बहीण, आमची अक्कामावशी, त्याला फक्त "बिचारा" म्हणायची. बिचारा का, ते पुढे येईलच. त्या हिवाळ्यात आमच्या क्वार्टरमध्ये वर्कशॉपचा भोंगा, शंटिंगच्या इंजिनाच्या शिट्ट्या आणि हा बिचारा, असे तीन आवाज होते.

सुरुवात मिस सॅम्युएलपासून झाली. शाळेत त्या आम्हाला गाणं शिकवत. बुटक्या, सडपातळ, साडीवर पुरुषी स्वेटर घालणाऱ्या. रविवारी रेल्वे कॉलनीच्या मागच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. त्यांचे वडील त्याच चर्चमध्ये संगीतमास्तर होते आणि त्यांच्याकडे कुणा जर्मन पाद्र्याने मागे ठेवलेली एक ट्रंक होती. ट्रंकेत ड्रेसेनबाखचा एक कँटाटा, म्हणजे चर्चमध्ये गायची एक लांब रचना, होता, हाताने उतरवलेला. वडिलांनी त्यातल्या शेवटच्या पदाचे शब्द हिंदीत बसवले, पण गायला पुरेसे आवाज त्यांना जन्मात मिळाले नाहीत. मिस त्या वर्षी निवृत्त होऊन बहिणीकडे दक्षिणेत कायमच्या जाणार होत्या. जाण्याआधी वडिलांचा तो कँटाटा एकदा तरी गाऊन घ्यायचा, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. चर्चच्या मंडळींत एकूण दहा आवाज निघाले आणि एक कमी पडत होता. मग त्यांनी शाळेच्या प्रार्थनेत माझा आवाज ऐकला आणि एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मिस गेल्यावर काय बोलायचं ते ती पोहे परततानाच ठरवत होती, हे मला कढईच्या आवाजावरून कळत होतं. लक्ष्मी गेटवाले काय म्हणतील, हा तिचा पहिला आणि शेवटचा मुद्दा. आईचं माहेर तिथलं. पिढ्यान् पिढ्या झाशीत राहिलेली घरं ती, भुसावळहून बदलीवर आलेल्या आमच्या भाऊंना अजून पाहुणाच समजायची. त्यात मुलगी चर्चमध्ये गाणार! भाऊ मात्र मिससमोर बसून अगदी हिंदी अदबीने विचारत होते, की हा संगीतकार नेमका करायचा काय. वडिलांकडून ऐकलेलं मिस सांगू लागल्या. दर रविवारी नवीन कँटाटा. सोमवारी रचायला घ्यायचा, शुक्रवारपर्यंत प्रत्येकाचा कागद हाताने उतरवायचा, शनिवारी एकदा म्हणून बघायचा आणि रविवारी गायचा. गाणारी पोरं महाउनाड. राहायला चर्चच्या कमिटीने दिलेलं क्वार्टर, आणि त्याचं छप्पर गळत होतं. छपरासाठी त्याने बारा वर्षं अर्ज केले, उत्तर आलं नाही.

भाऊंनी कप खाली ठेवला. आमच्या क्वार्टरच्या छपरासाठी त्यांचे अर्ज तेव्हा सातव्या वर्षात होते. स्वयंपाकघरात पाणी गळायचं तिथे आईने कायमची परात ठेवली होती, पावसाळा नसला तरी ती तिथेच असायची.

"बारह साल?" भाऊंनी विचारलं.

"जी, बारह. हर चिट्ठी में पहले कमिटी का आभार, फिर छत."

"कुमुद जाएगी," भाऊ म्हणाले, आणि विषय संपला.

आईने दोन अटी घातल्या. अंडं खायचं नाही आणि गुडघे टेकायचे नाहीत. दुसरी मी पाळली. पहिलीचं असं झालं, की तालमीला मिस इलाइट चौराह्यावरच्या बेकरीतून प्लमकेक आणायच्या. त्यात अंडं असतं हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आज सत्तरी उलटल्यावर कबूल करायला हरकत नाही, तालमीला वेळेवर पोचण्याचं निम्मं कारण तो केक होता.

कँटाटा म्हणजे काय, हे आईला मी समजावलं तेव्हा तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे कीर्तनच की. खरंच तसंच होतं. एक जण अर्धं बोलत अर्धं गात प्रसंग सांगतो, मग कुणीतरी एकटं उभं राहून त्यावर सविस्तर गातं, पुन्हा निवेदन, पुन्हा गाणं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक साधं पद. ते पद गावातल्या सगळ्यांना पाठ असायचं, म्हणून लोकही उठून गायचे. आमच्या कँटाट्यात मधली गाणी मोठी मंडळी एकेकटी गाणार होती. माझं काम फक्त त्या शेवटच्या पदात. दोन कडवी. त्यात चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात. सगळ्यात वरच्या बायका मुख्य चाल गातात, पुरुष खालच्या दोन, आणि वरून दुसरी ती माझी, तिला आल्टो म्हणतात. आल्टोला आम्ही दोघीच होतो, मी आणि ग्रेसदीदी नावाची एक नर्स.

आता गंमत अशी, की माझा आवाज चांगला होता पण मला हे जमेना. कसं जमणार? आमच्या घरात आरती म्हणजे पुढे जो गाईल त्याच्या मागे सगळ्यांनी जायचं. शेजारचा एक चाल गातोय आणि आपण मुद्दाम दुसरीच गायची, हा आमच्याकडे उद्धटपणा झाला असता. मी दोन ओळी माझ्या चालीत गायची आणि तिसऱ्या ओळीला अलगद वरच्या बायकांच्या चालीवर जाऊन बसायची. मला कळायचंसुद्धा नाही. मिस हात थांबवायच्या, चष्मा काढायच्या, पुसायच्या, आणि म्हणायच्या, "कुमुद, तुम फिर ऊपर चली गईं." शेवटी त्यांनी फर्मान काढलं. मुख्य चाल घरी तोंडातून काढायची नाही. फक्त आपली चाल, दिवसातून तीस वेळा.

मी तीस वेळा गायला लागले. सकाळी वेणी घालताना, दुपारी मटार सोलताना, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर. आल्टोची चाल ज्याने ऐकली नसेल त्याला सांगते, ती कुठे जातच नाही. एका सुरावर उभी राहते, एक पायरी खाली उतरते, परत वर येते, तिथेच घुटमळते. चौघांच्यात ती सिमेंटचं काम करते म्हणे. पण आमच्या घराने चौघं ऐकलेच नव्हते. भाऊंनी एका रविवारी पेटी काढली, चाल वाजवून बघितली, पुन्हा वाजवली, आणि बराच वेळ भाता दाबून धरून बसले. मग म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे गं. पण चालीत दम नाही." आई आतून म्हणाली, दर आठवड्याला नवीन करायची तर दम राहणार कुठून. अक्कामावशी गुरुवारी आली तेव्हा तिला सगळी हकीकत सांगण्यात आली, छपरासकट. तिने चाल ऐकली आणि पदराने डोळे टिपले. "बिचारा. पावसाच्या पाण्याखाली बसून एवढंच सुचलं असेल," ती म्हणाली. तेव्हापासून तो बिचारा.

आणि मग त्यांना ती चाल आवडायला लागली, अगदी नाइलाजाने, तीस वेळा ऐकून ऐकून. आई पोळ्या लाटताना गुणगुणायची. भाऊ बुटांना पॉलिश करताना. मावशी लक्ष्मी गेटला चिरोटे लाटताना म्हणायची आणि दर गुरुवारी येऊन आपलं बरोबर आहे का ते तपासून घ्यायची. शब्दही हिंदीच असल्यामुळे दोन्ही कडवी सगळ्यांची तोंडपाठ झाली. एकदा घसा बसला म्हणून मी गायले नाही, तर दूधवाला सायकल थांबवून विचारू लागला, "काए बिन्नू, आज गानो नईं हो रओ?" आणि दूध मापताना स्वतःच दोन ओळी म्हणून गेला.

मी त्यांना सांगितलं का नाही, की ही मुख्य चाल नव्हे? एकदा सांगणार होते. भाऊंना म्हटलं, वरच्या बायकांची चाल वेगळी आहे. भाऊ म्हणाले, असेल, पण मुख्य गाणारी तूच ना? आणि पॉलिशचा ब्रश हातात धरून माझ्याकडे असे बघत राहिले, की मी "हो" म्हणाले. खरं तर मलाच मुख्य गाणारी व्हायचं होतं. सोळा वर्षांच्या मुलीला सिमेंट व्हावंसं वाटत नाही. त्या एका "हो"मुळे सगळं रामायण झालं.

शेवटच्या तालमीत मी पुन्हा वर गेले. एकदा नाही, दोनदा. मिसनी या वेळी चष्मासुद्धा काढला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

कार्यक्रम रविवारी चार वाजता होता. मी तीनला पोचले तर मिस दारातच उभ्या, हातात चिठ्ठी. ग्रेसदीदीला हॉस्पिटलने सकाळीच डोळ्यांच्या शिबिरावर गरौठ्याला पाठवून दिलं होतं, ती रात्रीशिवाय येणार नव्हती. म्हणजे आल्टोला मी एकटी. मिसनी मला बाजूला नेलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. वडिलांचं स्वप्न आहे, असं म्हणाल्या. तू वर घसरलीस तर सगळी इमारत हलते. आल्टो मी ऑर्गनवर वाजवून घेईन. आणि मग म्हणाल्या, "बेटा, तू बस मुँह चलाना."

फक्त तोंड हलवायचं. चार महिने, रोज तीस वेळा, आणि तोंड हलवायचं! रडले नाही, कारण रडलं तर काजळ पसरेल आणि पहिला प्रश्न आई विचारेल. मी "जी मिस" म्हटलं आणि जाऊन जागेवर उभी राहिले. मिसचा रागही येत नव्हता, हे जास्त वाईट होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पावणेचारला आमची मंडळी आली. भाऊंचा बंद गळ्याचा कोट, जो ते फक्त लग्नांना आणि वरच्या साहेबांच्या बदलीच्या निरोपसमारंभांना घालत. आईची जांभळी रेशमी साडी. अक्कामावशी नऊवारीत, हातात चिरोट्यांचा डबा, कारण देवाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नसतं. तिने चपला बाहेर काढल्या, मग आईने काढल्या, मग भाऊंनी लेसवाले बूट सोडले. पॉलिश तर तासभर केलेलं, आणि आत आले ते मोजे घालून. तिसऱ्या रांगेत बसले. मावशीने मांडी घालून बघितली, बाक अरुंद होता, मग पाय सोडले. भाऊंनी मला शोधलं आणि मान हलवली. तू मुख्य गाणारी, असं ती मान म्हणत होती. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

कँटाटा सुरू झाला. त्याबद्दल काय सांगू? चार महिने आम्ही त्या माणसाला बिचारा म्हणत होतो. पोस्टात काम करणाऱ्या एका जाड्या गृहस्थाने पहिलं गाणं म्हटलं आणि ऑर्गनवर मिसनी अशी काही साथ केली, की आईने भाऊंच्या कोटाची बाही धरली. थकलेला माणूस संध्याकाळी घराकडे चाललाय आणि घर काही येत नाही, असं ते गाणं होतं. मावशी प्रत्येक गाणं संपल्यावर हात जोडत होती. मी बघत होते आणि माझ्या मनात एकच, आता शेवटचं पद येईल.

आलं. मिसनी जाहीर केलं, पहिलं कडवं मंडळी गातील, दुसऱ्याला सगळ्यांनी उभं राहून, वाटलेले कागद बघत तीच चाल धरून साथ द्यायची. पहिलं कडवं सुरू झालं आणि मी तोंड हलवू लागले. वरच्या बायका मुख्य चाल गात होत्या, सुंदर, उंच, भरलेली. मी तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही ठरवलं होतं आणि तिकडेच बघत होते. पहिल्या ओळीला तिघांच्या चेहऱ्यांवर ओळखीचं हसू आलं, शब्द ओळखीचे होते ना. दुसऱ्या ओळीला हसू गेलं. आईने भाऊंकडे बघितलं. भाऊ कान पुढे करून ऐकत होते आणि कपाळावर आठ्या. मावशी तर सरळ मान हलवू लागली, नाही, नाही, असं. मला तेव्हा लख्ख कळलं की त्यांना काय वाटतंय. त्यांना वाटतंय की सगळे चुकतायत. हे सगळे लोक ड्रेसेनबाखबाबूंची चाल विसरलेत, वेगळंच काहीतरी गातायत, आणि आपली कुमू बिचारी एकटी त्यांच्यात सापडली आहे, आवाजसुद्धा ऐकू येत नाही तिचा.

दुसऱ्या कडव्याला सगळं चर्च उभं राहिलं, आणि भाऊंनी सूर लावला.

आमच्याकडे आरतीत कुणी भरकटलं, की ज्याचा आवाज मोठा त्याने मोठ्याने गाऊन सगळ्यांना परत जागेवर आणायचं असतं. ही पद्धतच आहे, यात कुणाचा अपमान नसतो. भाऊंनी तेच केलं. सगळी मंडळी आणि ऑर्गन विरुद्ध एक वर्कशॉपचा बाबू, पूर्ण आवाजात, आल्टो. दुसऱ्याच शब्दाला आई आली. तिसऱ्याला मावशी, नेहमीप्रमाणे अर्धी मात्रा मागे, एका हाताने चिरोट्यांच्या डब्यावर ठेका धरून. त्यांना ती चाल सोडून दुसरी येतच नव्हती, त्यामुळे ते घसरणार तरी कुठे? आजूबाजूचे पन्नास लोक मुख्य चाल गात होते आणि त्यांच्या मधोमध हे तिघं ठाम उभे. आणि ते जुळत होतं. चूक सुधारायला निघाले होते आणि त्यांची चाल नेमकी बरोबर बसत होती. चार आवाज, चार चाली, जसं त्या माणसाने गळक्या छपराखाली लिहिलं होतं तसं.

मिसनी ऑर्गनवरून मान वळवली. मला वाटलं, संपलं. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अजून तोंडच हलवत होते. त्यांनी हनुवटी वर केली, जराशी. तालमीतली ती खूण मला चार महिन्यांची पाठ होती. गा.

मी गायले. बापाचा आवाज कानाने घट्ट धरला आणि गायले. वरच्या बायका माझ्या कानापाशी होत्या आणि एकदाही वर गेले नाही. शेवटच्या सुराला मावशी मागे राहिली, तेवढं सोडलं तर काही चुकलं नाही. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात हे सगळ्यांना माहीत होतं, मावशीला नव्हतं.

बाहेर भाऊ बुटांच्या लेस बांधत होते तेव्हा मिस आल्या. भाऊ एका पायावर उभे राहिले आणि अगदी नम्रपणे, त्यांना वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "बाकी लोग ज़रा भटक गए थे, बहनजी. हमने सँभाल लिया."

मिसनी माझ्याकडे बघितलं. एका वाक्यात त्या माझं मुख्य गाणारीचं सोंग उघडं पाडू शकल्या असत्या.

"जी बाबूजी," त्या म्हणाल्या, "आपने सँभाल लिया." मग मावशीच्या डब्यातला चिरोटा तोंडात घातला, त्यांचे डोळे भरले होते, आणि मला जवळ घेऊन कानात म्हणाल्या, "मैंने एक को चुप कराया, पूरा खानदान बोल पड़ा. अब तुम कभी मुँह मत चलाना, कुमुद. गाना."

घरी येताना भाऊ तीच चाल गुणगुणत होते. मग म्हणाले, माणूस फार मोठा होता, आपण उगीच नावं ठेवली. आई म्हणाली, छप्पर झालं का त्याचं शेवटी? ते मिसनाही माहीत नव्हतं. आमचं झालं, भाऊंच्या निवृत्तीनंतर, पुढच्या बाबूसाठी. खरी गोष्ट मी त्यांना शेवटपर्यंत सांगितली नाही, भाऊंना नाही, आईला नाही. सांगून काय मिळणार होतं?

मिस महिन्याभरात गेल्या, ट्रंकही गेली. दोन पत्रं आली, नंतर बंद झाली. माझ्या नातवाने मध्यंतरी फोनवर ड्रेसेनबाख शोधला, तीन तऱ्हेने लिहून. काही निघालं नाही. जगाला त्याचा पत्ता नाही. मला वाटायचं आता तो माझ्यापुरताच उरला.

मागच्या दिवाळीआधी लक्ष्मी गेटला गेले होते. मावशी जाऊन वर्षं झाली, तिची नात रेखा घर चालवते. मराठी समजते तिला, बोलताना मात्र हिंदीत घुसते. मी आत गेले तर ती चिरोटे लाटत होती आणि गुणगुणत होती. एका सुरावर उभं राहायचं, एक पायरी खाली, परत वर, तिथेच घुटमळायचं. शब्द उरले नव्हते, नुसतं हूं हूं. पण शेवटी अर्धी मात्रा मागे. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, काही नाही, आपल्या घरचं आहे, चिरोट्यांच्या वेळचं.

मी चौकटीला टेकून उभी राहिले. आणि जी चाल चार महिने तोंडातून काढायची मला मनाई होती, जिच्यावर मी सारखी जाऊन बसायची, ती वरची, मुख्य चाल, तिच्या गाण्यावर धरली. आवाज आता फाटतो. पण जुळलं. पिठाच्या परातीवर त्या माणसाचे दोन आवाज, इतक्या वर्षांनी, एकत्र.

रेखा थांबली. लाटणं हातात तसंच. माझ्याकडे बघितलं आणि अगदी समजुतीने, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "आत्या, तुम्ही ना, ज़रा भटकलात."

"असेन," मी म्हटलं. "तू आपलं धरून ठेव."

तिने पुन्हा सुरू केलं, जरा मोठ्याने, मला जागेवर आणायला. मी काही गप्प बसले नाही.